आधी मैदानावर जा, राजीनाम्याचं नंतर बघू

पत्र लांब आहे, त्यातला मुख्य भाग असा:

'ताई, मी २८ वर्षांचा आहे. सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात कनिष्ठ अभियंता म्हणून चार वर्षं नोकरी करतो. लहानपणापासून एकच वेड, क्रिकेट. खेळलो ते तालुक्याच्या टीमपर्यंत, पण लिहितो मनापासून. आता मुंबईतल्या एका वेबसाइटनं क्रिकेटच्या बातम्या लिहिण्यासाठी बोलावलं आहे. पगार आताच्या निम्म्याहून थोडा जास्त. मुलगी एक वर्षाची आहे. बायको म्हणते, तू ठरव, मी सोबत आहे. वडील आठ दिवस झाले माझ्याशी धड बोललेले नाहीत. माझं स्वप्न क्रिकेटवर पुस्तक लिहायचं. पण कधी मोठ्या पातळीवर खेळलो नाही, इंग्रजी यथातथा, आणि लोक म्हणतात मराठीत लिहून काय मिळणार. नोकरी सोडू का? माझा एक लेख जोडला आहे, तो वाचून खरं काय ते सांगा. नाव छापू नका.'

प्रिय अ.,

नाव छापत नाही, आद्याक्षर ठेवते. ताई म्हणालास, म्हणून मीही 'तू'च म्हणते.

तुझं पत्र वाचताना मी 'पाणीपुरवठा' या शब्दाशी थांबले. कारण मराठीत क्रिकेटवर ज्यांनी सर्वात जास्त आणि सर्वात आवडीनं वाचलं जाईल असं लिहिलं, ते द्वारकानाथ संझगिरी सिव्हिल इंजिनिअर होते. मुंबई महापालिकेत आयुष्यभर नोकरी केली आणि पाणीपुरवठा प्रकल्पाचे मुख्य अभियंता म्हणून निवृत्त झाले. ती नोकरी चालू असतानाच ते लिहीत राहिले. १९८३च्या विश्वविजयानंतर 'एकच षटकार' हे पाक्षिक निघालं, संदीप पाटील संपादक होते आणि संझगिरी कार्यकारी संपादक. पुढे वर्तमानपत्रांतली सदरं, परदेश दौरे, प्रवासवर्णनं, सिनेमा, गाण्यांचे कार्यक्रम आणि सुमारे ४० पुस्तकं. ६ फेब्रुवारी २०२५ला, ७४व्या वर्षी, ते गेले. त्या दिवशी माझ्या फोनवर ज्यांचे निरोप आले त्यात निम्मे लोक असे होते की ज्यांचा क्रीडा पत्रकारितेशी काही संबंध नाही. बँकेतले, शाळेतले, एक दवाखान्यातल्या नर्सबाई. ते सगळे त्यांचे वाचक होते.

हे तुला 'बघ, नोकरी सांभाळून सगळं होतं' असं पटवायला सांगत नाही. संझगिरी मुंबईत होते. वानखेडे, ब्रेबॉर्न, आझाद मैदान, शिवाजी पार्क, सगळं लोकलच्या तिकिटात. तू सांगली जिल्ह्यात आहेस, तुझ्या साइट्स गावोगाव, उन्हाळ्यात टँकर आणि टंचाईची धावपळ. तुलना सरळ होत नाही. तरी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. महिन्याच्या एक तारखेला घर चालवायला लिखाणाच्या मानधनाकडे बघावं लागत नसेल, तर काय लिहायचं आणि काय नाही हे माणूस स्वतः ठरवू शकतो. मी क्रीडा पत्रकारितेत तीस वर्षं काढली. हे स्वातंत्र्य किती थोड्या जणांना मिळतं, ते मी पाहिलं आहे.

आता त्या मुंबईच्या नोकरीबद्दल. तू लिहितोस की त्यांनी दिवसाला दहा बातम्यांची अपेक्षा सांगितली आहे. त्या बातम्या कुठून येणार, हे विचारलंस का? मी सांगते. कोणत्या खेळाडूनं काय पोस्ट टाकली, कोणत्या माजी खेळाडूनं त्याच्या चॅनेलवर काय म्हटलं, लिलावात कोणाची किती बोली, कोण कोणाला अनफॉलो करून बसला. हे सगळं खुर्चीवरून उठायची गरज न पडता लिहायचं असतं. दहा बातम्यांत एकही सामना तू डोळ्यांनी पाहिलेला नसेल. वर्षभरानं तुझा हात वेगवान झालेला असेल, हे खरं. पण ज्या ओढीनं तू मला एवढं लांबलचक पत्र लिहिलंस, ती ओढ तिथे कशावर जगेल?

मी डेस्कच्या कामाला कमी लेखत नाही. माझी पहिली काही वर्षं पीटीआय या वृत्तसंस्थेची कॉपी मराठीत करण्यात गेली. दुपारी तीनला जायचं, रात्री एकला निघायचं. बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती लवकर सुटायची, त्यात दिवस-रात्र सामन्याचा अर्धाच धावफलक जायचा, आणि शहर आवृत्तीसाठी मथळ्यासकट सगळी बातमी पुन्हा लिहायची. त्यातून मी नीटनेटकं वाक्य लिहायला शिकले. आकडा दोनदा तपासल्याशिवाय पान सोडायचं नाही, हे अंगवळणी पडलं. कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलीनं किंवा मुलानं हाच प्रश्न विचारला असता, तर मी म्हटलं असतं, जा, दोन वर्षं पिळून घे. तुझी गोष्ट वेगळी आहे. तुला भाषा बऱ्यापैकी येते, घरी लहान मूल आहे, आणि तुला जे लिहायचं आहे ते त्या खुर्चीत सापडणार नाही.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, तेवढ्यानं माझं म्हणणं कळेल.

मुंबईत पावसाळ्यात कांगा लीग असते. १९४८पासून चालत आलेली, मुद्दाम ओल्या खेळपट्टीवर खेळायची स्पर्धा. सुरुवातीच्या दिवसांत एका रविवारी मला तिथल्या एका सामन्याची बातमी करायला पाठवलं. पाऊस, गाड्या उशिरा, मी पोहोचले तेव्हा खेळ जवळजवळ संपलेला. मी तंबूतल्या गुणलेखकांकडे गेले. वयस्कर गृहस्थ, समोर तीन रंगांची पेनं, त्यांनी प्रेमानं वही पुढे केली. एका मुलाच्या नावापुढे ७०च्या वर धावा. मी ऑफिसला येऊन त्याच्या 'संयमी आणि निर्दोष' खेळीवर छान परिच्छेद लिहिला. दुसऱ्या दिवशी समोरच्या संघाच्या प्रशिक्षकांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं. म्हणाले, 'बाई, त्या निर्दोष पोराचे चार झेल सुटले. माझा ऑफस्पिनर रात्री जेवला नाही. तुमच्या पेपरात त्याच्या नावापुढे विकेट शून्य आहे.'

वहीत झेल सुटल्याची खूण नसते. तो चेंडू वहीत नुसता एक टिंब असतो. गोलंदाजानं काय केलं, स्लिपमधला मुलगा मान खाली घालून किती वेळ उभा राहिला, पुढच्या चेंडूला कप्तानानं त्याला तिथेच ठेवलं की हलवलं, हे फक्त तिथे असणाऱ्यालाच माहीत. त्या फोननंतर मी न पाहिलेल्या खेळीला कधी विशेषण लावलं नाही.

या संदर्भात डिकी रत्नागरांची आठवण होते. मुंबईत जन्मले, मुंबईतच लिहू लागले, पुढे इंग्लंडला स्थायिक होऊन 'डेली टेलिग्राफ'साठी दशकानुदशकं लिहिलं. शेकडो कसोटी पाहिल्या. पण त्यांचं नाव निघालं की पहिली गोष्ट कोणती सांगितली जाते? ३१ ऑगस्ट १९६८ला स्वान्सी इथे गॅरी सोबर्सनं माल्कम नॅशच्या एका षटकात सहा षटकार मारले, तेव्हा ते तिथे होते. आणि १० जानेवारी १९८५ला वानखेडेवर रवी शास्त्रीनं तिलक राजला सहा षटकार मारले, तेव्हाही ते तिथे होते. दोन्ही पाहणारा बहुधा एकटाच माणूस. आता बघ, यातला एकही आंतरराष्ट्रीय सामना नव्हता. एक काउंटीतला, दुसरा बडोद्याविरुद्धचा रणजी सामना. बहुतेक लोक ज्या सामन्यांकडे पाठ फिरवतात, तिथे जाऊन बसण्याची त्यांना सवय होती. त्याला मी निव्वळ नशीब म्हणणार नाही.

आणि १८ जून १९८३. इंग्लंडमधलं टनब्रिज वेल्स. विश्वचषकात झिम्बाब्वेविरुद्ध भारत ५ बाद १७, आणि तिथून कपिल देव नाबाद १७५. किरमाणीबरोबर नवव्या गड्यासाठी १२६ धावांची अभंग भागीदारी. त्या खेळीचं चित्रीकरण झालं नाही. भारतीय क्रिकेटच्या इतिहासातली कदाचित सर्वात मोठी एकदिवसीय खेळी, आणि तुझ्या-माझ्याकडे तिचा एक चेंडूही बघायला नाही. जे आहे ते धावफलक, काही छायाचित्रं, आणि तिथे हजर असलेल्यांनी सांगितलेलं, लिहिलेलं. माझ्या पिढीनं ती खेळी शब्दांतूनच पाहिली. आता प्रत्येक चेंडू चार कोनांतून दिसतो, मग लेखकाचं काय काम, असा प्रश्न तुझ्या पत्रात न विचारताही आहे. पण अ., कॅमेरे अजून फार थोड्या मैदानांवर आहेत. तुझ्या तालुक्यात आजही रोज टनब्रिज वेल्स घडत असतं. कपिल देव नसेल, पण न टिपलेलं असतं हे नक्की.

म्हणून तुझ्या लेखाबद्दल आता स्पष्ट बोलते. खरं सांगा म्हणालास ना.

तू विराट कोहलीच्या कसोटी निवृत्तीवर बाराशे शब्द लिहिलेस. मे २०२५मध्ये त्या विषयावर मी वाचलेल्या पंधरा-वीस लेखांत आणि तुझ्यात मला फरक करता आला नाही. शतकं, आक्रमकता, ऑस्ट्रेलिया, 'एका युगाचा अंत'. यातलं काहीही तू पाहिलेलं नाहीस, टीव्हीवर सगळ्यांनी जे पाहिलं तेच तू पाहिलंस. एक परिच्छेद मात्र मी तीनदा वाचला. निवृत्तीची बातमी आली तेव्हा तू ग्राउंडवर होतास. रोलर फिरवणाऱ्या काकांना पोरांनी मोबाइल दाखवला. ते म्हणाले, 'बरं,' आणि पुन्हा रोलर ओढायला लागले, मग अर्ध्यावर थांबून विचारलं, 'किती वर्षं खेळला रे तो?' पोरं म्हणाली, चौदा. काका म्हणाले, 'मी एकतीस वर्षं ओढतोय.' बस, एवढंच. पुढे तू लगेच कव्हर ड्राइव्हकडे वळलास. अरे, वळलास कशाला? तिथेच तुझा लेख होता. हा परिच्छेद मुंबईतल्या कुणालाही लिहिता आला नसता.

तुझी पहिली भीती, मोठ्या पातळीवर खेळलो नाही. मोठं खेळलेल्याला चेंडूची भीती आतून माहीत असते, त्याचा फायदा असतो, तो नाकारू नये. पण लेखकाला लागणारी नजर वेगळी असते, आणि ती कमावता येते. पहिलं काम, स्कोअरिंग शीक. नुसत्या धावा मांडायचं नव्हे, प्रत्येक चेंडू कुणी टाकला, कुणी खेळला, कुठे गेला, हे सगळं ज्यात उतरतं ते. पूर्ण दिवसाचा सामना एकदा हातानं लिहून काढलास की तुला दिसायला लागेल की फलंदाज बाद होण्याच्या आधीची बारा चेंडूंची कोंडी कशी तयार झाली. राज्य संघटना पंचांच्या परीक्षा घेते, त्यांचा अभ्यास कर, परीक्षा दिलीस तर उत्तमच. पायचीतचा नियम ज्यानं एकदा मैदानात उभं राहून लावला आहे, तो पंचांवर लिहिताना शब्द जपून वापरतो.

इंग्रजी शिक. वाचण्यापुरतं तरी चांगलं हवं, कारण नियम, जुने संदर्भ, आकडे बरेचसे इंग्रजीत आहेत. पण 'मराठीत लिहून काय मिळणार' म्हणणाऱ्यांना पालवणकर बंधूंची गोष्ट सांग. बाळू पालवणकर, दलित कुटुंबातला डावखुरा फिरकी गोलंदाज, १९११च्या इंग्लंड दौऱ्यात १००च्या वर बळी घेणारा. मैदानावर त्याच्या हातून चेंडू घ्यायला कुणाची हरकत नव्हती, पण पुण्यात चहा मात्र त्याला पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या भांड्यात मिळायचा. तेव्हाच्या धर्मवार संघांच्या स्पर्धेत हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद त्याला कधीच दिलं नाही, ते पुढे त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळालं. या विठ्ठल पालवणकरांनी १९४८ साली आत्मचरित्र लिहिलं, मराठीत. अर्ध्या शतकानंतर रामचंद्र गुहांनी भारतीय क्रिकेटचा सामाजिक इतिहास इंग्रजीत लिहिला, आणि या भावंडांची कहाणी जगभर वाचली गेली, तेव्हा गुहांचा एक मोठा आधार हे मराठी पुस्तक होतं. विठ्ठलनी ते लिहिलं नसतं तर? कोण काय बोललं, कुठे अपमान गिळला, कुठल्या निवडीवरून भावांनी संघ सोडला, हे आतून कळणार कुठून? आपल्या भाषेत, आपल्या माणसांसाठी, खरं लिहून ठेवलेलं कधी कुणाच्या उपयोगी पडेल याचा हिशेब आज करता येत नाही.

मराठीत खेळाला पूर्ण पान मिळतं हेसुद्धा आपोआप झालं नाही. वि. वि. करमरकरांनी 'महाराष्ट्र टाइम्स'मध्ये ते करून दाखवलं. क्रिकेटबरोबर कबड्डी, खो-खो, कुस्ती यांना त्यांनी तितक्याच गांभीर्यानं जागा दिली. संघटनांच्या कारभारावर बोट ठेवलं. २०२३च्या मार्चमध्ये ते गेले. आम्ही जे लिहू शकलो ती जागा त्यांनी तयार करून ठेवलेली होती. तुला जिल्ह्याच्या खेळावर लिहिताना क्रिकेटच्या बाहेर बघावंसं वाटलं, तर जरूर बघ.

आता विषयांचं. तू राहतोस त्या भागात काय पुरून ठेवलं आहे ते तुला माहीत आहे का, असं मला पत्रभर वाटत राहिलं. विजय हजारे १९१५ मध्ये सांगलीत जन्मले. जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेडला, ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियाविरुद्ध, एकाच कसोटीत ११६ आणि १४५. दोन्ही डावांत शतक करणारे पहिले भारतीय. १९५२ मध्ये मद्रासला भारतानं पहिली कसोटी जिंकली तेव्हा कर्णधार तेच. आणि सांगलीहून तासाभरावर कोल्हापूर. तिथले भाऊसाहेब निंबाळकर.

निंबाळकरांवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण मला राहवत नाही. डिसेंबर १९४८, पुण्यात पूना क्लबचं मैदान, रणजी सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. निंबाळकर नाबाद ४४३. महाराष्ट्र ४ बाद ८२६. कमल भांडारकरांबरोबर दुसऱ्या गड्यासाठी ४५५. ब्रॅडमनचा तेव्हाचा ४५२चा विश्वविक्रम नऊ धावांवर होता. आणि काठियावाडच्या कप्तानानं, राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी, पुढे खेळायचं नाकारून सामना सोडून दिला. झालं. नऊ धावा राहिल्या त्या राहिल्याच. एवढी मोठी खेळी करणारा हा माणूस एकही कसोटी खेळला नाही. ४००च्या वर धावा करूनही कसोटी न खेळलेला २०२२पर्यंत जगात दुसरा कुणी नव्हता. ९३ वर्षं पूर्ण व्हायला एक दिवस कमी असताना, डिसेंबर २०१२ मध्ये ते कोल्हापुरात गेले. उतारवयात ते कोल्हापुरातच होते, आणि मुलाखती बहुतेक विक्रमाच्या निमित्तानं, चार प्रश्नांच्या. त्या नऊ धावांबरोबर एक माणूस रोज सकाळी कसा उठला असेल, हे कुणी सावकाश बसून विचारायला हवं होतं. मी एकदा कोल्हापूरला जायचं ठरवलं होतं. पान, सुट्ट्या, मुलाची दहावी यांत ते पुढे ढकललं आणि मग राहून गेलं. ती माझी खंत आहे, आणि ती मी तुझ्या खांद्यावर टाकते आहे.

तुझं पुस्तक तिथे आहे असं मला वाटतं. एका सामन्याचं पुस्तक. डिसेंबर १९४८चे अंक पुण्यात केसरी-मराठाच्या ग्रंथालयात, मुंबईत एशियाटिकमध्ये बसून वाच. दोन्ही संघांतले कोण, पुढे त्यांचं काय झालं, कुणाच्या घरात काय जपून ठेवलं आहे. पुणं तुला एसटीनं जाऊन येण्यासारखं आहे. तीन-चार वर्षं लागतील. नोकरीत राहूनच हे होऊ शकतं, कारण अशा कामाला कोणती वेबसाइट पगार देणार?

आणि हे सगळं जुनंच असं नाही. स्मृती मानधना सांगलीत वाढली. २०१३च्या ऑक्टोबरमध्ये तिनं बडोद्याला १९ वर्षांखालच्या सामन्यात गुजरातविरुद्ध नाबाद २२४ केल्या. एकदिवसीय सामन्यात द्विशतक करणारी पहिली भारतीय मुलगी. तेव्हा कुणी किती लिहिलं? २ नोव्हेंबर २०२५ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा सगळे धावले. तुझ्या जिल्ह्यात आज संध्याकाळी नेटमध्ये सरावाला किती मुली येतात, कुठल्या गावाहून, कोण सोडायला येतं, सीझन बॉलचा आणि पॅडचा खर्च घरात कोण करतं, मॅटवर खेळून आलेल्या मुलीला टर्फवर पहिल्यांदा खेळताना काय वाटतं, हे मला वाचायचं आहे. तसंच टेनिस बॉलचं. तुमच्याकडे प्रत्येक तालुक्यात कुणाच्या ना कुणाच्या नावाचा चषक असतो, फ्लेक्स, लाइट, बक्षिसाला मोटारसायकल, माइकवर न थकता बोलणारा समालोचक, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण. २०२४ पासून तर टेनिस बॉलची मोठी लीगही झाली आहे. त्या समालोचकाची मराठी तू ऐकली आहेस, मी नाही.

आता घरचं आणि कागदाचं. जिल्हा परिषद सेवेला वर्तणुकीचे नियम आहेत. आस्थापना शाखेत जाऊन ते स्वतः वाच. नियमित सदर किंवा मानधन घेणार असशील तर आधी लेखी परवानगी माग, आणि तिची पोच जपून ठेव. तोंडी 'लिही रे, काही होत नाही' यावर विसंबू नकोस. विभागातल्या बदल्या, टेंडर यांवर चुकूनही लिहायचं नाही. स्थानिक संघटनेत कुणी तुझ्या विभागाचा ठेकेदार असेल, तर त्याच्या स्पर्धेवर लिहू नकोस. लहान गावात या गाठी लगेच पडतात.

मानधन थोडं असेल आणि उशिरा येईल, कधी येणारही नाही. ते गृहीत धरूनच घरात बोल. बायको 'तू ठरव' म्हणते, हे तिचं मोठेपण आहे, पण शनिवार-रविवार तू मैदानावर असशील तेव्हा एक वर्षाची मुलगी कुणाकडे, हे दोघांनी मिळून ठरवा. महिन्यातले दोन रविवार मैदान, दोन घर, असं काही. मी हे अनुभवानं सांगते. माझ्या घरी याच्यावरून बरंच सोसलं गेलं, आणि ते मी एकटीनं सोसलं नाही.

वडिलांशी स्वतःहून बोल. राजीनामा देत नाहीये, हे आधी सांग. मग एखाद्या रविवारी त्यांना सोबत ने. पत्रात एका ओळीत तू लिहून गेलास की त्यांनी लहानपणी तुला पहिल्यांदा हजारेंचं नाव सांगितलं. म्हणजे हे वेड त्यांच्याकडूनच आलं आहे, तर त्यांना बाहेर कशाला ठेवतोस? १९७१ला वाडेकरांच्या संघानं ओव्हलला इंग्लंडला हरवलं, तेव्हा त्यांच्या गावात रेडिओ कुणाच्या घरी होता ते विचार. त्यांचं उत्तर लिहून घे.

मोठ्या खेळाडूंशी ओळखी कशा करायच्या, असं तू शेवटी विचारतोस. आत्ता करूच नकोस. ओळखीच्या जोरावर लिहिणाऱ्यांचं लिखाण ओळख सांभाळण्यात खर्ची पडतं. मे २०२२ मध्ये मुलाखत न देणाऱ्या यष्टिरक्षकाला धमकावणारे संदेश पाठवल्याबद्दल बोर्डानं एका पत्रकारावर दोन वर्षांची बंदी घातली होती, ते तुला आठवत असेल. खेळाडूनं आपल्याशी बोललंच पाहिजे असं वाटायला लागणं, इथून ती घसरण सुरू होते. तुझी ओळख आधी गुणलेखकाशी होऊ दे, पंचांशी, किट उचलून आणणाऱ्या मुलाशी.

कधी सोडायची नोकरी? तुला सामन्यांना पाठवणारी जागा कुणी देऊ केली, नुसती खुर्ची नव्हे, किंवा तुझ्या पुस्तकाचं अर्धं हस्तलिखित तयार असेल आणि उरलेल्या अर्ध्यासाठी खरोखरच वर्षभराची मोकळीक लागत असेल, तेव्हा पुन्हा लिही. तेव्हा कदाचित मी वेगळं उत्तर देईन. मुंबईच्या त्या लोकांना आत्ता 'नाही' कळव, पण चांगल्या शब्दांत, आणि महिन्याला एक लेख बाहेरून पाठवू का असं विचारून ठेव.

आणि तो विराटवरचा लेख पुन्हा लिहून मला पाठव, विराटशिवाय. रोलरवाल्या काकांचं नाव लेखात कुठेच नाही. ते विचारून घे. एकतीस वर्षांपूर्वी त्यांना त्या कामावर कुणी लावलं, पावसाळ्यात मैदान बंद असताना ते काय करतात, आणि स्वतः कधी बॅट हातात धरली होती का, एवढं विचार. त्यांचं नाव छापलेलं चालेल का, हेही.

तुझी,
ताई